अंबक्का आणि तिच्या काढून ठेवलेल्या बांगड्या

शनिवार, ९ मार्च १९६३. सकाळी दहा. बंगळूरजवळ, यशवंतपूरच्या पलीकडची आमच्या कारखान्याची वसाहत, महिला मंडळाची खोली. हजर: आरोग्य केंद्राच्या नर्सबाई, आसपासच्या सहा सुइणी आणि मंडळाची चिटणीस म्हणून नोंदी ठेवायला मी.

नर्सबाईंनी पहिलाच नियम सांगितला : बाळंतिणीला हात लावण्याआधी कोपरापर्यंत साबण आणि हातात एकही बांगडी नको. पाच सुइणी खाली बघत बसल्या. सहावी म्हणाली, "सिस्टर, नवरा जिता असताना?"

"जंतू नवरा बघत नाहीत," नर्सबाई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. सहावी मात्र उठून नळाशी गेली आणि साबणाने एकेक हिरवी बांगडी उतरवू लागली. एक तडकली. "फुटली," मी म्हणाले. "फुटली न्हवं अक्का, वाढली म्हणा. आन् लिवून घ्या, अंबक्कानं काढल्या."

अंबक्का निपाणीकडची. नवरा कारखान्यात पहारेकरी. तिच्या मराठीत कानडी असे मिसळलेले की कुठे काय संपते ते कळू नये. कळा देणाऱ्या बाईला ती सारखी म्हणायची, "स्वल्प थांब गं, सरी होतंय," म्हणजे जरा थांब, नीट होतंय. आणि बाहेर ताटकळणाऱ्यांना, "घाई पोराला नसते, सासूला असते."

नियम पाळणे सोपे नव्हते. भुंड्या हातांची सुईण बाळंतिणीच्या खोलीत कोण घेईल? दोन घरांनी तिला दारातूनच परत पाठवले. मग तिने स्वतःची रीत काढली. घरात शिरताच ती सगळ्यांसमोर बांगड्या उतरवायची आणि घरातल्या थोरल्या बाईच्या ओटीत घालायची. "ह्या तुमच्यापाशी. बाळ आलं की तुमच्या हातानं भरा." थोरलीला मान मिळायचा. मला ती हळूच म्हणाली होती, "ओटी सांभाळत बसल्या, की आत येऊन शिकवत न्हाईत."

पुढच्या वर्षी सोळा नंबरच्या घरातली सुमती अडली. पुण्याहून आलेले कुटुंब, पहिलेच बाळंतपण. कळा आदल्या दिवसापासून चालू. अंबक्काच्या मदतीला, पाणी उकळायला, मीही गेले होते. अंबक्काने पोट चाचपले आणि ती बाहेर आली.

"माई, पोर आडवं हाय. हे माझ्या हातचं न्हवं. जटक्याचा टांगा बोलवा, मोठ्या दवाखान्यात न्यायला पायजे."

"माझी तिन्ही घरीच झाली," सुमतीच्या सासूबाई म्हणाल्या. "तुला जमत नसेल तर या तुझ्या बांगड्या घे आणि जा."

सुमतीचा नवरा आईच्या तोंडाकडे बघत उभा. अंबक्का उंबऱ्याशी बसली आणि तिने दोन्ही मोकळे हात मांडीवर ठेवले.

"न्हाई घेत. सून जटक्यात बसली की तुमीच भरा."

"अगं, सवाष्ण ना तू? भुंड्या हातांनी माझ्या दारात बसतेस? अशुभ आहे हे!"

"व्हय, अशुभच हाय. म्हणून तर म्हनते, लवकर करा."

माझ्या घड्याळात वीस मिनिटे गेली. शेजारच्या बायका जमल्या, कुजबुजल्या. शेवटी माईच मुलावर ओरडल्या, "बघतोस काय? जटका आण!"

दवाखान्यात सुमतीचे पोट फाडावे लागले. ती वाचली, बाळ गेले. माईंनी बांगड्या भरल्या नाहीत, पायरीवर ठेवून दिल्या. त्या अंबक्काच्या हातात मी भरल्या.

नंतर वसाहतीत एकच बोलणे : ती तशी बसली, म्हणून मूल गेले. तिला बोलावणी येईनाशी झाली. मी चिडून घरोघर जाऊन समजावणार होते. अंबक्काने अडवले. "बोलू द्या की. सुमती चालती हाय न्हवं?"

तिचा नवरा निवृत्त झाला आणि दोघे गावी निघाली. बसच्या खिडकीतून ती म्हणाली, "तुमच्या नोंदींच्या वहीत एक लिवा अक्का. सुमतीला पुन्ना दिवस गेले, तर चौथ्या म्हयन्यातच दवाखान्यात नाव घालायचं. शिवलेलं पोट हाय, कळा घरी द्यायच्या न्हाईत. सासूला न्हवं, तिला सांगा." मी तिथेच लिहून घेतले.

त्या पावसाळ्यातच निपाणीहून पत्र आले. अंबक्का तापाने गेली होती.

सुमतीला आता पाचवा महिना आहे. माईंनी मल्लेश्वरमची एक सुईण ठरवून ठेवली आहे, असे ऐकते. मी दोनदा सोळा नंबरला गेले. दोन्ही वेळा दार माईंनी उघडले. सुमती मागे उभी होती, माझ्याकडे बघत. पहिल्या खेपेला मी वाटीभर रवा मागितला, दुसऱ्या खेपेला मंडळाच्या सभेची वेळ सांगितली, आणि परत आले. सुमतीला सांगायचे राहिले आहे.