देवमाशाची खूण

न्यूझीलंडला जायचा विषय आमच्या घरात निघाला तो लेकीमुळे. लग्नानंतर ती तिकडे गेली आणि यंदा तिने आम्हा दोघांना बोलावलंच. एकाच देशात बर्फाचे डोंगर, जमिनीतून उकळत वर येणारं पाणी, हिरवीगार कुरणं, शिवाय बोटीतून देवमासे बघायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात मी मोबाइलवर ते फोटो बघत बसायची. तेवढंच जिवाला गार वाटायचं.

अडून बसले ते आमचे हे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्यांचा उभा जन्म गेला, आणि मागांच्या खडखडाटात कानही गेले. कानाचं मशीन आणलं, पण ते लावलं की डोकं दुखतं म्हणून कपाटात पडून आहे. आमच्याकडे 'चहा घेता का' म्हटलं तरी शेजारी ऐकू जातं.

"तू जा की," ते म्हणाले. "मला तितं कुणाचं काय कळणार न्हाय. पोरीला चारचौघांत ओरडावं लागंल. जावयासमोर बरं दिसतंय का ते?"

मी समजावलं, चिडले, शेवटी अबोला धरला. तो अबोलाही त्यांना कळला नाही, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती सहलीचा बेत सांगायला लागली तसे हे उठले. मी तिला म्हटलं, राहू दे बाई, मी एकटीच येते. मग तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, मागे सरकली आणि बोलायच्या ऐवजी हात वर केला. मूठ खाली ओढली, म्हणजे माग बंद करा. बोटं स्वतःकडे वळवली, म्हणजे इकडे या.

कारखान्यात मागांच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातांच्या खुणांनीच बोलतात. शाळेला सुट्टी असली की ही पोर डबा घेऊन जायची आणि दारात उभी राहून बापाला हीच खूण करायची. मी तर ते विसरूनच गेले होते. हे पुन्हा खाली बसले.

त्यानंतर बराच वेळ मला कुणी विचारलं नाही. बोटीवरचा माणूस सांगेल ते बापाला समोर उभी राहून हातांनी सांगायचं तिने कबूल केलं. पण देवमाशाला कारखान्यात खूण कुठली असणार? शेवटी 'मालक आले' सांगायला पोटावरून गोल हात फिरवतात, ती खूण त्याला द्यायचं ठरलं. हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्या कारखान्याला मी आजवर शिव्याच घातल्या होत्या. त्या रविवारी मात्र पोरीला तिथं डबा घेऊन पाठवायची बुद्धी झाली म्हणून देवाला मनापासून हात जोडले.

कॉल संपल्यावर हे माझ्याकडे वळले. शर्टाची कॉलर चिमटीत धरली आणि दोन्ही हातांची चौकट करून चेहऱ्यासमोर आणली. पासपोर्टच्या फोटोला कुठला शर्ट घालू, असं विचारत होते.