तहान घरी ठेवून

“दुखतंय मुलीला आणि सांगतेय आई.”

पडद्याच्या आतून डॉक्टरांचा आवाज आला. त्या आपल्या कंपाउंडरबाईंना म्हणत होत्या, मला नाही. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आई औषधाच्या खिडकीपाशी बाटलीची वाट बघत उभी होती. तिला ऐकू गेलं नाही. मला गेलं, आणि मी मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याकडे बघत राहिले. डॉक्टर म्हणत होत्या ते खरंच होतं. आत असताना मी तोंड उघडलंच नव्हतं. जळजळ कधीपासून होते, थंडी वाजून ताप कधी आला, कंबर कुठे दुखते, सगळं आईनेच सांगितलं. तेही कुजबुजत, “तिकडे जरा त्रास होतोय हिला,” असं.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. आम्ही डोंबिवलीला राहायचो आणि मी कल्याणला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला लागले होते. सकाळी सगळं गाव मुंबईकडे जायचं, मी उलट्या दिशेला. इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून मला तिथे कंपन्यांना जाणारी इंग्रजी पत्रं टाइप करायला ठेवलं होतं. त्या शाळेत मला इंग्रजी चांगलं आलं, पण बोलायला काही आलं नाही. वर्गात हात वर न करता दहा वर्षं काढता येतात, हे मी सिद्ध केलं होतं.

औषधाची बाटली हातात आली तेवढ्यात पडदा बाजूला झाला. “तू जरा परत आत ये गं. नाही आई, तुम्ही बसा.”

आईचा चेहरा पडला. “मी काय परकी आहे का?” असं ती बाकाला म्हणाली.

आत डॉक्टरांनी मला काहीच विचारलं नाही. औषध कंपनीच्या पॅडचा कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागल्या. डॉक्टरांच्या मानाने अक्षर सुवाच्य होतं. चार प्रश्न होते. आज काय खाल्लंस आणि कसं? पाणी कधी प्यालीस? आज काय मागायचं होतं आणि मागितलं नाहीस? आज स्वतःसाठी काय केलंस?

“बोलायचं नाही ना? नको बोलूस. रोज संध्याकाळी लिही. पुढच्या शनिवारी वही आण. जे मला दाखवायचं नसेल ते पान दुमडून टाक, मी उलगडणार नाही.” मग पडद्याकडे बघून जरा मोठ्याने, “आणि घरात कोणी वाचायचं नाही.”

बाहेरून आईचा खोकला ऐकू आला.

आज अशा वह्या छापलेल्या मिळतात म्हणे, प्रश्नांसकट. तेव्हा आम्हाला हे काही ठाऊक नव्हतं. मला तो गृहपाठ वाटला, आणि गृहपाठ मला छान जमायचा. पहिला आठवडा मी झकास इंग्रजीत लिहिलं. रोज पाऊण पान, सुरुवात, मध्य, शेवट. समतोल आहार, भरपूर पाणी, संध्याकाळी वाचन. शनिवारी डॉक्टरांनी सगळी पानं वाचली, कारण एकही दुमडलेलं नव्हतं.

“स्पेलिंगची एकही चूक नाही,” त्या म्हणाल्या. “पण यातली मुलगी आजारी नाहीये गं. ही इथे कशाला येते?”

मी पर्सची चेन उघडली, लावली.

“आईशी भांडतेस कुठल्या भाषेत?”

“नाही भांडत.”

“मनातल्या मनात?”

“मराठीत.”

“मग मराठीत लिही.”

मराठीत लिहिणं अवघड गेलं. शाळेत मराठी होतं ते पास होण्यापुरतं. छान वाक्यं मला येत नव्हती, त्यामुळे छान वाक्यांमागे लपायची सोय राहिली नाही. यायचं ते तेवढंच: डबा अर्धा परत आणला. उभ्याने खाल्ला. पाणी सकाळी निघताना, मग घरी आल्यावर. चौथ्या प्रश्नापुढे बरेच दिवस ‘काही नाही’. आणि तिसऱ्या प्रश्नापुढे एकच शब्द, रोज तोच. किल्ली.

ती किल्ली ऑफिसातल्या बाथरूमची. आमचं ऑफिस बाजारात, गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली हमाल, ड्रायव्हर, क्लीनर यांची दिवसभर वर्दळ. कोणीही वर येऊन वापरतं म्हणून बाथरूमला कुलूप लावलेलं, आणि किल्ली हेडक्लार्क काकांच्या टेबलाच्या खणात. माणूस वाईट नव्हता. पगाराच्या दिवशी माझं पाकीट आधी काढायचे, कारण मला गाडी गाठायची असे. पण किल्ली देताना ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, आणि परत घेताना पुन्हा बघायचे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी ते पाहिलं. आमच्या ऑफिसात माझ्याशिवाय एकच बाई होत्या, मालाच्या पावत्या लिहिणाऱ्या ताई. त्यांनी किल्ली मागितली, काकांनी घड्याळ बघितलं, आणि खोलीतले बाकीचे सगळे पुरुष आपापल्या कागदात जरा जास्तच लक्ष घालून बसले. मी ठरवूनच टाकलं, आपण नाही मागायची. न मागायचं तर पाणी प्यायचं नाही, इतकं साधं गणित. त्यानंतर ताईंनाही मी क्वचितच किल्ली मागताना पाहिलं.

ताई खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा की खालच्या हमालांनाही खिडकीतून गप्प करतील. त्यांनी मला महिन्याभरात ओळखलं होतं. “काय गो बाय, तूपन पानी नाय पीत?” आणि मी हसून मान हलवल्यावर म्हणाल्या, “बरा करतेस. नोकरी कराची तं तहान घरी ठेवून याची. सवय होते.” एवढ्या मोठ्या आवाजाची बाई हे मात्र हळू बोलली.

तिसऱ्या शनिवारी मी बरीच पानं दुमडली होती. घरातलं काहीबाही, एका मैत्रिणीच्या लग्नाबद्दल काही, ते सगळं आत. किल्लीच्या ओळी मात्र उघड्या राहिल्या होत्या. त्या एका शब्दातून कोणाला काय कळणार, असं मला वाटलं.

डॉक्टरांनी पानं उलटली, थांबल्या, मागची पानं पुन्हा पाहिली. “ही कसली किल्ली? रोज हरवते का?”

मला हसू आलं. आणि हसताना माणूस जरा बेसावध होतो, त्यामुळे मी सांगून टाकलं. हळू, पण सगळं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बायका किती तिथे?”

“दोघी.”

“दुसरी काय करते?”

“तहान घरी ठेवून येते.”

त्यांनी माझी फाइल उघडली. मग लघवीच्या तपासणीचा दुसरा कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्यापेक्षा बरा होता, पण बरा नव्हता. “मी गोळ्या बदलून देईन,” त्या म्हणाल्या. “पण तू दिवसभर कोरडी राहणार असशील तर हे परत येणार, आणि एक दिवस किडनीवर जाणार. त्याला माझ्याकडे गोळी नाही.” त्यांनी माझ्या वहीत स्वतः पाचवा प्रश्न लिहिला. किल्ली कशी मागशील? वाक्य लिही.

बाहेर आल्यावर आई माझ्यापुढे चालायला लागली. स्टेशनपाशी भाजीवाल्यांच्या रांगेतून जाताना तिने मेथीची जुडी उचलली, पाहिली आणि परत ठेवली. भाव न विचारता. तेव्हाच मला कळलं की पडद्याला कान असतात ते दोन्ही बाजूंनी.

“सोमवारी येते मी तुझ्या ऑफिसात,” ती म्हणाली. “बोलते त्या माणसाशी.”

“नको.”

“मग सोड ती नोकरी. नोकऱ्या शंभर मिळतील.”

“नको.”

आई थांबली. एका संध्याकाळी मी तिला दोनदा नको म्हणाले, असं आधी कधी झालं नव्हतं. मागून एक बाई ओरडली, “ओ ताई, रस्त्यात काय उभ्या राहता?” आम्ही दोघी कडेला झालो.

“ठीक आहे,” आई म्हणाली. “पुढच्या सोमवारपर्यंत तू मागितलीस तर तू. नाहीतर मंगळवारी मी येणार, आणि मी काय बोलेन ते तुला माहितीये.”

माहीत होतं. ती भर ऑफिसात ‘तिकडे जरा त्रास होतोय हिला’ म्हणाली असती, आणि मी पुन्हा कधी तो जिना चढले नसते. मला ती नोकरी हवी होती. तिथे माझी पत्रं खाडाखोड न होता जायची. घरी, नातेवाइकांत, कुठेच कोणी माझं वाक्य पूर्ण ऐकत नसे. तिथे ते शिक्का मारून टपालात पडायचं.

त्या आठवड्यात मी रोज पाचव्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. पहिलं वाक्य पाच ओळींचं झालं. काका, सॉरी, तुम्ही कामात असाल, मला माहीत आहे, पण माझी तब्येत थोडी बरी नाही, डॉक्टरांनी सांगितलंय, तर जमलं तर. दुसऱ्या दिवशी सॉरी काढलं. मग तब्येत काढली, कारण ती त्यांना का सांगायची? मग डॉक्टरांना काढलं. ‘जमलं तर’ सगळ्यात शेवटी गेलं. शनिवारी वहीत उरलं होतं: काका, किल्ली द्या. डॉक्टरांनी ते वाचून फक्त बरोबरची खूण केली, शाळेतल्या बाईंसारखी.

याच आठवड्यात चौथ्या प्रश्नापुढे ‘काही नाही’ यायचं बंद झालं. गच्चीवर जाऊन केस वाळवले. डबा बसून खाल्ला, पूर्ण. येताना मोगऱ्याचा गजरा घेतला, आईला नाही, मला. दोघींना घेता आला असता असं तेव्हा सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी सुचलं, मग दोन घेतले. छोट्या गोष्टी आहेत. पण त्या लिहायच्या आहेत म्हणून मी करायला लागले, आणि करायला लागल्यावर त्या आवडायला लागल्या. ते चार प्रश्न मी अजून लिहिते. पाचवा लागेल तसा.

आईबद्दलही सांगायला हवं. वही माझ्या उशाशीच असायची. घरात एकच खोली आणि स्वयंपाकघर, कुठे लपवणार? आई रोज ती उशी उचलून गादी झटकायची. तिने ती वही कधी उघडली नाही. मला कसं कळलं? पानं संपत आली तेव्हा तिने विचारलं, “संपली का गं वही? अजून किती पानं आहेत?” उघडली असती तर विचारावं लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी नवी दोनशेपानी वही उशाशी होती, खाकी कव्हर घालून. नावाच्या चिठ्ठीवर तिने काहीच लिहिलं नव्हतं.

आणि त्या सोमवारी सकाळी तिने माळ्यावरून माझी शाळेतली वॉटरबॅग काढली. लाल, पट्टा तुटलेला, त्याला तिने नाडी बांधलेली. उकळून गार केलेलं पाणी भरलं आणि डब्याशेजारी ठेवली. म्हणाली काहीच नाही. ती माझ्यासाठी बोलायची याचा मला फार राग होता तेव्हा. ती माझ्यासाठी गप्प बसली, ते किती जड गेलं असेल याचा अंदाज मला आता येतो.

ऑफिसात वॉटरबॅग टेबलावर ठेवताच पलीकडून कोणीतरी म्हणालं, “काय, आज शाळा आहे वाटतं?” हशा झाला. मीही हसले आणि पाणी प्याले. मग पुन्हा प्याले. जेवणाआधी वॉटरबॅग रिकामी केली. हे मी मुद्दाम केलं होतं. धीर आलाच नाही तर निदान शरीर तरी उठवेल, असा हिशोब होता.

शरीराने उठवलं. दुपारची वेळ, पंखा कुरकुरत होता, खाली ट्रक मागे घेताना कोणीतरी “आन दे, आन दे” ओरडत होतं. माझी खुर्ची फरशीवर करकरली आणि सगळ्यांनी वर पाहिलं. ताईंनी हातातली पावती अर्धीच ठेवली. काकांच्या टेबलापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. आठवतं ते असं की मी समोर उभी राहिल्याबरोबर त्यांना कळलं, त्यांनी खण ओढला, आणि सवयीने त्यांची मान भिंतीकडे वळली.

माझं वाक्य पाठ होतं. तीनच शब्दांचं होतं. पण त्यांची ती मान वळलेली बघून, आणि मागे ताईंचं पेन थांबलेलं ऐकून, वहीत नसलेलं आधी तोंडातून आलं.

“काका, घड्याळ नका बघू,” मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. “किल्ली द्या. आणि उद्यापासून ती बाहेर खिळ्याला अडकवा. ताईंनापण लागते.”