पाण्यावर तरंगलेलं सोनं

चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी पीएच.डी. करत होते तेव्हाची गोष्ट. डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत इतके बारीक सोन्याचे कण काचेवर शेजारी शेजारी, एकाच थरात मांडायचे, हे माझं काम. कणांमधलं अंतर बदललं की थराचा रंग बदलतो. दूर असले तर लाल, जवळ आले तर निळा. फार जवळ आले तर त्यांतून वीजही जाऊ लागते. पुस्तकात हे सोपं वाटायचं. माझ्या हातून मात्र थर दर वेळी फाटायचा, आणि असं करता करता ज्यापासून कण बनवायचे त्या सोन्याच्या क्षाराची बाटलीच संपली. नवीन कधी येईल ते कोणी सांगेना.

सुट्टीत सावलीजवळच्या आमच्या गावी गेले. आई धान पाखडत होती.

"काऊन गप हाय तू?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि कानातलं सोन्याचं एक फूल घेऊन आली. त्याचा जोड फार पूर्वी धानाच्या रोवणीच्या चिखलात हरवला होता.

"एका कानाचं का करू मी? घेऊन जा."

"माय, हे विरघळवावं लागते. परत नाई येत."

"नाई येऊ दे. पण मी येईन पाहाले."

माझ्या मार्गदर्शक सरांना विचारलं. ते म्हणाले, "आईंना नीट समजावलंस ना?"

आई खरंच आली. पदर नाकाशी धरून ती वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटासमोर उभी राहिली. आम्लात फुलाच्या कडा आधी धूसर झाल्या, मग पाकळ्या गेल्या. उरलं पिवळं पाणी. आई एकटक बघत होती. कोणाला निरोप देताना बघावं तशी.

त्यातलं तांबं आणि चांदी वेगळी काढण्यात पुढचे काही दिवस गेले. आई माझ्या खोलीवर राहिली, दुपारी प्रयोगशाळेत येऊन स्टुलावर बसायची. एके दिवशी ते फिकट पिवळं पाणी मी उकळत ठेवलं आणि त्यात कण बनवणारं रसायन घातलं. पाणी आधी निवळलं, मग काळपट झालं. वाया गेलं असं वाटत असतानाच आतून लाली चढत गेली. अंबाडीच्या बोंडांचं सरबत असावं तसा तो रंग.

"हे सोनं हाय?" आईनं हळूच विचारलं.

"हो. फक्त बारीक झालं."

त्या लाल पाण्यावर मी पेट्रोलसारखा एक पातळ द्रव ओतला आणि थेंब थेंब स्पिरिट सोडत गेले. खालचं पाणी फिकं होत गेलं, आणि दोन द्रवांच्या मधोमध, कुठून आली कळायच्या आत, सोन्याची एक साय पसरली. पंख्याच्या वाऱ्यानं ती मंद हलत होती. या वेळी ती फाटली नाही. आम्ही दोघी श्वास रोखून बघत राहिलो. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं, तेही फार लांबून आल्यासारखं वाटलं.

साय काचेच्या पट्टीवर उचलून वाळवली. समोरून बघितलं तर पिवळी झळाळी, उजेडाकडे धरली तर निळी. आईनं ती डोळ्यांशी धरली आणि खिडकीतून बाहेरचं कडुलिंबाचं झाड बघितलं.

"सारं झाड निळं झालं," ती म्हणाली आणि बराच वेळ पट्टी खाली ठेवेना.

संध्याकाळी मी दोन्ही टोकांना तारा लावल्या. मीटरचा काटा हलला आणि स्थिरावला. सरांनी चष्मा काढून पुसला. "उद्या पुन्हा घे, आकडा तोच यायला हवा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशीही तोच आला. माझा प्रबंध तिथून पुढे सरकला.

आईला पोचवायला मी बसनं निघाले. मूल गावाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सागाची पानं उन्हात तांबूस झाली होती. आई डोळे मिटून होती. मला वाटलं झोपली.

"ते पाण्यावर कसं तरंगून राह्यलं होतं?" ती एकाएकी म्हणाली. "एवढं जड असते ना सोनं."

मी समजावायला लागले. दोन वाक्यं होतात तोवर तिचं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं होतं. मी बोलायची थांबले आणि जंगल बघत बसले.