शांततेचा मसुदा

शांततेसाठी माणसाने केलेल्या प्रत्येक प्रामाणिक प्रयत्नाची इतिहासात नोंद राहिली पाहिजे. आमच्या मराठी मंडळाचा प्रयत्न एका रविवारी दुपारी अडीच ते सव्वापाच या वेळात झाला. साडेपाचला हॉल झुंबाच्या क्लासला दिलेला होता आणि त्या बाई वेळेच्या फार पक्क्या आहेत.

बर्मिंगहॅममधल्या आमच्या भागातल्या लहानमोठ्या संस्थांनी मिळून गाझातल्या युद्धाबद्दल एक शांतता-सभा घ्यायचं ठरवलं होतं. मशीद, चर्च, सिनेगॉग, गुरुद्वारा, आणि आम्ही. प्रत्येकाने आपलं एक छोटं निवेदन पाठवायचं होतं. तोवर जगाने आमच्या मंडळाला कशाबद्दलही मत विचारलं नव्हतं. पत्र आलं त्या दिवसापासून अध्यक्षांचा आवाज खर्जात गेला. "जागतिक शांततेत आपलाही खारीचा वाटा," असं म्हणून त्यांनी मसुदा लिहायचं काम माझ्याकडे दिलं.

ते माझ्याकडे यायचं कारण वाङ्मयीन नव्हतं. मी हॉस्पिटलात एक्स-रे आणि स्कॅन वाचणारा डॉक्टर होतो. आता निवृत्त आहे. पेशंट दुसरे बघायचे. मी अंधाऱ्या खोलीत बसून त्यांच्या सावल्या बघायचो आणि खाली चार ओळी लिहायचो. पुढे कुणीही मला धरू शकणार नाही अशी वाक्यं लिहिण्यात मी तरबेज होतो. 'ठामपणे सांगता येत नाही, तसंच नाकारताही येत नाही' या एका वाक्यावर माझं घर उभं आहे. शिवाय इस्रायल-पॅलेस्टाइनवर माझ्याकडे नऊ पुस्तकं आहेत. त्यातली दोन एकमेकांना चिकटून ठेवायची मला भीती वाटते. तेव्हा माझ्याइतका लायक माणूस मंडळात नव्हता, असं मलाही वाटलं.

मंडळात एक मावशी होत्या. नात्याने नव्हे, पण माझी मुलगी मावशी म्हणायची, म्हणून हळूहळू सगळ्यांच्याच मावशी. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. शनिवार धर्माने विश्रांतीचा, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून अलिबागकडे त्यांच्या लोकांना शनिवार तेली म्हणत. आमच्याच हॉस्पिटलात त्या वॉर्ड सिस्टर होत्या. त्यांचं मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं आणि त्याबद्दल आम्ही त्यांना कधी माफ केलं नाही. मंडळाचे कार्यक्रम शनिवारी असायचे. सूर्य मावळल्याशिवाय मावशी घराबाहेर पडायच्या नाहीत. डिसेंबरात त्या सगळ्यांच्या आधी हजर असत. जूनमध्ये साडेनवाला उजेड संपेपर्यंत आम्ही खुर्च्या घडी करायला घेतलेल्या असत.

माझी बायको आणि मी दोघेही ड्युट्यांवर. मुलगी शाळेतून परस्पर दोन घरं पलीकडे मावशींकडे जायची. शनिवारी मावशी दिव्याच्या बटणाला हात लावत नसत, आणि लाव असं दुसऱ्याला सांगायचंही नसतं. त्या नुसतं म्हणायच्या, "अगंबाई, काळोख झाला वाटतं." चार वर्षांची माझी मुलगी स्टुलावर चढून घरातले सगळे दिवे लावून यायची, संडासातलासुद्धा. मग दोघी अंड्याचा शिरा खायच्या. मी न्यायला गेलो की ती येतच नसे.

सहा वर्षांपूर्वी माझी बायको गेली. तेव्हा मावशी महिनाभर रोज संध्याकाळी दारात उभ्या राहून विचारायच्या, "डॉक्टर, जेवलात का?" हो म्हटलं तरी त्यांना खोटं कळायचं. त्या आत येऊन बसायच्या आणि मी जेवेपर्यंत उठायच्या नाहीत.

त्या रविवारी मसुद्याच्या सभेला मावशी वेळेवर आल्या. मुलगीही आली. ती लहान मुलांची डॉक्टर आहे आणि एरवी मंडळाकडे फिरकत नाही. मागचे कितीतरी शनिवार ती गाझासाठी निघणाऱ्या मोर्च्यांना जात होती. मावशींची धाकटी बहीण इस्रायलमध्ये दक्षिणेकडच्या एका गावात राहते, हे हॉलमधल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे मावशी आत आल्यापासून प्रत्येकजण त्यांना चहाबरोबर एक मत देत होता आणि एक मागत होता.

"मावशी, तुम्हाला काय वाटतं, टू स्टेट होईल का?"

"मला काय विचारता? तुमच्या सोसायटीच्या पार्किंगचं मिटलं का आधी?"

मी मसुदा वाचला. तीन परिच्छेद होते. पहिल्या वाक्यात 'दोन्ही बाजूंच्या निरपराध नागरिकांच्या' असं होतं. बेसिंगस्टोकला आयटीत नोकरी करून आलेले एक गृहस्थ उभे राहिले. "दोन्ही बाजू कशा? सुरुवात कोणी केली ते लिहा. आणि भारताचा ऑफिशियल स्टँड काय आहे तो बघा आधी."

"सुरुवात कधीपासून धरायची, काका?" माझी मुलगी म्हणाली. "तुमच्या सोयीच्या तारखेपासून?"

"तुम्ही मुलं इन्स्टाग्रामवर हिस्टरी शिकता."

"आणि तुम्ही व्हॉट्सॲपवर."

एक आजोबा म्हणाले, "आपण इथे पाहुणे. आपण कशाला बोलायचं?" त्यांना ब्रिटिश पासपोर्ट मिळून तीसेक वर्षं झाली असतील. एक बाई म्हणाल्या, "असं काहीतरी लिहा ना, की मुलांना बघवत नाही." ते त्या दुपारचं सर्वांत खरं वाक्य होतं. मी ते लिहिलं नाही, कारण कुठल्या मुलांना, असा प्रश्न लगेच आला असता.

ज्या शब्दावर आक्षेप आला तो मी खोडत गेलो. 'युद्ध' गेलं, कारण काहींना तो संहार वाटत होता आणि काहींना स्वसंरक्षण. 'ओलीस' गेलं, मग समतोलासाठी 'उपासमार' गेलं. 'तात्काळ' हा शब्द फार घाईचा वाटला. मला, खरं सांगायचं तर, मजा येत होती. हेच काम मी चाळीस वर्षं केलं होतं. तासाभराने कागदावर उरलं ते असं: 'जगात शांतता नांदावी असे आमच्या मंडळास वाटते.' अध्यक्ष म्हणाले, "वा! नेमकं!"

"बाबा," मुलगी म्हणाली, "यात काहीच नाही."

"म्हणूनच ते सगळ्यांना चालेल."

ती उभी राहिली. तिचं मराठी चिडल्यावर मोडतं. "माझा एक कलीग आहे. त्याचा फॅमिली गाझात आहे. रोज लंचला तो आईला फोन लावतो. रिंग जातो, कोणी उचलत नाही. मग तो सँडविच खातो आणि क्लिनिकला जातो. त्याला मी काय सांगू? आमच्या मंडळाला शांतता नांदावी वाटते?"

मग मावशी म्हणाल्या, "लिही गं बाळा, त्याच्या आईचं लिही. माझं काही म्हणणं नाही. बहिणीचंही लिही म्हणत नाही मी. तिला आता शांतता नको, एक अख्खी झोप हवीय. सायरन वाजला की गुडघे धरत जिना उतरते. आणि तिचा नातू..." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वीस वर्षांचा आहे. त्याला सैन्यात बोलावून घेतलंय. आत आहे तो. गाझात."

माझ्या मुलीने त्या मुलाला तो लहान असताना पाहिलं होतं. एका उन्हाळ्यात तो मावशींकडे आला होता आणि हिने त्याला सायकल शिकवली होती. ती मावशींकडे वळली. मग तिने विचारलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तिथे तो काय करतोय, मावशी?"

या प्रश्नाचं उत्तर हॉलमध्ये पुष्कळांकडे होतं, दोन्हीकडचं. बेसिंगस्टोकचे गृहस्थ तोंड उघडणार होते. मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं, वॉर्डात थांबवायच्या तसं.

"मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी हेच विचारते मी. तू विचारलंस ते बरोबरच आहे. पण तू विचारायला नको होतंस."

त्यांनी कोट घेतला. माझ्या टेबलाशी आल्यावर कागदावरची ती एक ओळ वाचली. "छान लिहिलंय, डॉक्टर. तुम्ही रिपोर्ट नेहमीच छान लिहायचात. पेशंटकडे जायचं तेवढं तुमचं काम नव्हतं."

मी त्यांच्या मागे गेलो नाही. दारापर्यंत बारा-पंधरा पावलं होती. मला वाटलं, आता उठलो तर कुणाची तरी बाजू घेतल्यासारखं दिसेल. हे वाक्य मी त्यानंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. त्यात एकही चूक सापडत नाही आणि मला ते सहन होत नाही.

ते युद्ध सुरू झाल्यापासून मावशी मला आठवड्यातून दोनदा तरी रस्त्यात भेटत होत्या. दर वेळी मी त्यांच्याशी त्या प्रदेशाच्या भवितव्याबद्दल बोललो. वाचलेले लेख सांगितले. तुमची बहीण कशी आहे, हे एकदाही विचारलं नाही. मुलीलाही तिचं मोर्च्यांबद्दलचं मत विचारलं, वादही घातला. पण ती जेवणाच्या सुट्टीत कुणासमोर बसते हे मला त्या सभेत कळलं, इतरांबरोबर.

मुलगी दुसऱ्या दिवशी मावशींकडे गेली. मावशींनी चहा दिला, तिच्या कामाबद्दल विचारलं, थंडी वाढल्याचं सांगितलं. "सगळं नीट होतं, बाबा," मुलगी घरी येऊन म्हणाली. "म्हणजे, पोलाइट होती ती माझ्याशी." मग तिने कोट न काढताच जिन्यावर बसून रडायला सुरुवात केली. चौतिसाव्या वर्षी ती तशीच रडते, नाक न पुसता. मी शेजारी बसलो. विचारलं, जेवलीस का. ती नाही म्हणाली. मी वरणभात लावला.

त्या कलीगच्या आईचा फोन काही आठवड्यांनी वाजायचाही बंद झाला. नंबर अस्तित्वात नाही, असं एक बाई अरबीत आणि मग इंग्रजीत सांगते, आणि तो अजूनही लावतो. बहिणीच्या नातवाचं काय झालं ते मला माहीत नाही. ज्यांना विचारायचं त्यांचं घर वसंतात विक्रीला निघालं. बागेत पाटी लागली तेव्हा आम्हाला कळलं. मावशी दुसऱ्या गावी आपल्या मुलाकडे राहायला गेल्या, असं पाटी लावणाऱ्या माणसाने सांगितलं. माझ्या मुलीने त्यांना दोन पत्रं लिहिली, मराठीत, माझ्याकडून तपासून न घेता. उत्तर आलं नाही. ती अजून पोस्टाच्या वेळेला दाराकडे बघते, आणि मी बघितलं नाही असं दाखवतो.

मावशींचं पत्र आलं ते मंडळाला. चार ओळींचं, त्यांच्या सुरेख अक्षरात, सभासदत्वाचा राजीनामा. कारण दिलेलं नव्हतं. कार्यकारिणीच्या बैठकीत ते मी वाचून दाखवलं. अध्यक्षांनी चष्मा लावून मंडळाची घटना चाळली. मावशी आजीव सभासद होत्या आणि आजीव सभासदाने राजीनामा द्यायची तरतूद आमच्या घटनेत नाही. त्यामुळे राजीनामा एकमताने नामंजूर झाला, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण त्यांना नेहमीप्रमाणे जुन्या पत्त्यावर गेलं.