आधी पान सांगा

कादंबऱ्या लक्षात राहत नाहीत. नायिकेचं नाव महिन्याभरात जातं, शेवट वर्षभरात. त्यांच्यावरून झालेली भांडणं मात्र स्वयंपाकघरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखी साचत जातात. एक ओढायला जावं तर सहा बाहेर येतात!

आमचं वाचन मंडळ चार जणांचं. गांधीबागेत धनराजभाऊंचं साड्या-कापडाचं दुकान आहे. रविवारी बाजार बंद, म्हणून त्यांच्या माडीवरच्या पांढऱ्या गादीवर आम्ही बसतो. धनराजभाऊ, मराठीचे निवृत्त प्राध्यापक वझलवार सर, पारशिवनीकडच्या शेतकरी घरातल्या आणि आता लेकाकडे नागपुरात राहणाऱ्या मंदाताई, आणि मी. पाचवा माझा नवरा, प्रकाश. तो वाचायचा थोडं आणि बोलायचा फार. दीड वर्षापूर्वी तो गेला.

मंडळाचे नियम दोन. मत देण्याआधी आपण पुस्तक कोणत्या पानावर सोडलं ते सांगायचं. पूर्ण वाचलं असेल तर 'शेवट' म्हणायचं. आणि 'छान आहे' असं म्हणायला बंदी. जो म्हणेल त्याने पुढच्या रविवारी सगळ्यांना घरचे तर्री-पोहे खाऊ घालायचे.

गेल्या महिन्यात मी माझीच कादंबरी मंडळापुढे ठेवली. प्रकाश गेल्यावर लिहिलेली, नवरा-बायकोची. मला एकच धास्ती होती, की ही माणसं 'छान आहे' म्हणतील. तसं झालं असतं तर मला खरं सांगणारं या गावात कोणी उरलं नसतं. पण तो किस्सा शेवटी. आधीचे ऐकल्याशिवाय माझी धास्ती कळायची नाही.

*

धनराजभाऊंना प्रेमकथा आवडतात. लपवत नाहीत. गल्ल्याच्या बाजूला, बिलबुकाच्या शेजारी एक कायम उघडी पालथी असते.

एकदा सगळ्यांनी गाजलेली एक प्रेमकथा वाचायला घेतली. मी 'शेवट' म्हणाले, मंदाताई 'शेवट' म्हणाल्या. धनराजभाऊ म्हणाले, "पान चौदा."

प्रेमकथा, आणि चौदा? आम्ही चकित!

"काय झालं भाऊ?"

"ती पोरगी लग्नाची साडी घ्यायला जाते. दुकानदार एक काढते. ही म्हणते, हीच द्या. बस!"

"मग?"

"मग काय वहिनी? दुसरी दाखवा म्हणालीच नाही! तीस वर्षं झाले मले या गादीवर. अशी बाई आजवर जिना चढून आली नाही. लेखक खोटं बोलून राहिला. आता हा मले प्रेमाचं काय खरं सांगणार?"

*

सरांची आवड वेगळी. त्यांना ज्यात काहीच घडत नाही अशी कादंबरी लागते. एकदा त्यांनी एक जाडजूड साहित्यिक कादंबरी सुचवली. नायक पहिल्या प्रकरणात खिडकीपाशी उभा राहतो आणि विचार करतो.

"मंदाताई, पान?"

"बारा. मंग वाटलं, पुढं काही होईन, म्हणून दोनशेवं उघडलं. तो खिडकीतच! म्हटलं, बाबू, पाय नाही दुखून राहिले का तुये?"

सर गंभीर झाले. "मंदाताई, ती खिडकी नाही. ते मानवी अस्तित्वाचं एकाकीपण आहे."

"असंन बाप्पा," मंदाताई म्हणाल्या, "पण संध्याकाळी लावून घे म्हणा. डास येते."

*

याच सरांनी एकदा आम्हाला पेचात टाकलं. धनराजभाऊंनी आग्रहाने दिलेली एक अगदी बाळबोध प्रेमकथा होती. डोंगरातलं हॉटेल, धुकं, श्रीमंत पण दुःखी मुलगा. सर ती चाळणारही नाहीत, अशी आमची खात्री.

"सर, पान?"

सरांनी चष्मा पुसला. "शेवट."

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मी ती समाजशास्त्रीय दृष्टीने वाचली," सर घाईने म्हणाले. "अशा लेखनाचा वाचकवर्ग कसा घडतो, ते पाहायचं होतं."

"पाहा न," मंदाताई म्हणाल्या. "पण तुमची सूनबाई फोनवर सांगे, बाबा पुस्तक वाचून रडून राहिले म्हणून. ते काहून?"

"माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ठाऊक आहे ना तुम्हाला? पाणी येतं अधूनमधून."

"ऑपरेशन उजव्याचं झालं, सर. सूनबाई दोन्ही म्हणे!"

*

स्वप्नगंधा नावाच्या लेखिकेच्या प्रेमकथा मंदाताईंच्या फार लाडक्या. लेखिका जवळच, खाप्याला राहते, असं कळलं. मंदाताईंनी हट्ट धरला आणि आम्ही तिला बोलावलं. मंदाताईंनी ओटी भरायची तयारी केली. धनराजभाऊंनी एक गुलाबी साडी काढून ठेवली.

रविवारी जिना कुरकुरला आणि सहा फुटांचे, जाड मिशांचे एक गृहस्थ वर आले. निवृत्त फौजदार. "स्वप्नगंधा मीच," ते म्हणाले आणि गादीवर मांडी घालून बसले. धनराजभाऊंनी साडी हळूच ढिगाखाली सरकवली.

"बंदोबस्तात बसून बसून काय करणार?" फौजदारसाहेब म्हणाले. "लिहायला लागलो."

मंदाताईंनी नारळ बाजूला ठेवला आणि सरळ उलटतपासणीला सुरुवात केली. "ते सगळं ठीक. पण त्या पुस्तकातल्या निशिगंधाले तुम्ही मारलं काहून? चांगली नांदून राहिली व्हती. शेवटल्या दोन पानात ताप काय येते, मरते काय!"

साहेबांनी मान खाली घातली. मिशी सावरली.

"बाई, माझी बदली झाली हो. सामान बांधायचं होतं. वेळच नव्हता!"

*

प्रकाश गेल्यावर मी काही महिने मंडळात गेले नाही. परत गेले, तेव्हा मंडळ बदललं होतं. कोणी भांडेना. मी काही बोलले की सगळे माना हलवायचे. मी मुद्दाम एका भिकार पुस्तकाची स्तुती केली, तरी सर म्हणाले, "तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे." हे वाक्य सरांनी आयुष्यात कुणाला ऐकवलेलं नाही!

पुस्तकंही बदलली. सगळ्यांत सगळे जिवंत. म्हातारे ठणठणीत, कुत्री दीर्घायुषी. मला संशय आला.

मग एका रविवारी धनराजभाऊंनी मला एक कादंबरी दिली. खेळीमेळीची आहे म्हणाले. घरी येऊन उघडली, तर मधली आठ-दहा पानं साड्यांच्या टाचण्यांनी एकत्र टाचलेली! तिन्ही मोकळ्या कडांना. नव्या साडीच्या घडीला असतात, तशा.

आता टाचलेलं पान कोण उघडणार नाही? मी पहिलं तेच वाचलं. नायकाचे आजोबा वारतात. दिवसकार्यही आत होतं, तेराव्याच्या जेवणासकट.

पुढच्या रविवारी मी म्हणाले, "शेवट. आजोबा गेल्यावर पुस्तक जरा ढिलं पडतं."

धनराजभाऊंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मंदाताईंकडे.

"गेले?" धनराजभाऊ म्हणाले. "नाही हो वहिनी. आजोबा कुठं जाते? काशीले गेले असतीन. परत येते ते!"

मला हसू आलं. घरी जाताना मात्र रिक्षात वाटलं, ही माणसं आता मला एकही पान सरळ उघडू देणार नाहीत.

*

म्हणून मी माझी कादंबरी त्यांना दिली. तीन झेरॉक्स, तिघांना. "प्रकाशकाकडे पाठवायची की नाही ते तुम्ही सांगायचं," म्हणाले. "नियम नेहमीचेच."

ठरल्या रविवारी मी आधीच जाऊन बसले. जिन्यावर पावलं वाजली. मंदाताई आल्या. हातात डबा. मागोमाग सर. सरांच्या हातात डबा! धनराजभाऊ घरून आले, त्यांच्याकडे तर तीन मजली डबा आणि तर्रीचा वेगळा थर्मास.

तिघांनी एकमेकांचे डबे पाहिले. तिघांनाही कळलं. मलाही कळलं. 'छान आहे' म्हणायचं ठरवून तिघंही दंड आगाऊ घेऊन आले होते!

"एवढे पोहे कोण खाणार?" मी म्हणाले.

मंदाताईंनी डबा मांडीवर ओढला.

"मी तर नाहीच. डबे बंद राहू द्या. आधी पान सांगा."

सरांनी घसा साफ केला. "सुनंदाबाई, तुमची भाषा... म्हणजे भाषेचं म्हणाल तर..."

"पान, सर."

धनराजभाऊ गादीची सुरकुती नीट करत राहिले. शेवटी मंदाताईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या.

"ताई!" सर दबक्या आवाजात म्हणाले.

"आता ताई-बीई नाही सर. ती विचारून राहिली तं सांगतो. सुनंदा, एकोणतीस पानं झाले, तुया नवरा एकदाबी घोरला नाही वं."

त्या बोटं मोजायला लागल्या.

"चिडला नाही. मांगून खाल्लं नाही. कोणाच्या मधात बोलला नाही. सकाळी उठते, चहा करते आन् बायकोले उठवते! कोण व्हय हा? मायाइथं येऊन, मीच केलेल्या सांबारवडीले नावं ठेवत आठ खाणारा प्रकाश कुठं गेला?"

धनराजभाऊंनी एकदम मान वर केली. "मीबी तेच म्हणतो वहिनी! पान एकतीस. हा माणूस दुकानात आला असता तर मी ओळखलं नसतं. प्रकाशभाऊ एका रुमालासाठी अख्खं दुकान खाली उतरवायचे. आन् मग म्हणायचे, उद्या येतो!"

"आणि यायचा नाही," मी म्हणाले.

"कधीच नाही!"

सर इतका वेळ झेरॉक्सची पानं उलटत होते. ते म्हणाले, "मी शेवटपर्यंत वाचली. पण मनाने मी पान एकशे बारावर थांबलो. तिथे तो दवाखान्यात तिचा हात हातात घेऊन म्हणतो, 'मी नसलो तरी तुझ्या प्रत्येक शब्दात असेन.'" सरांनी चष्मा काढला. "सुनंदाबाई, प्रकाश माझ्या तोंडावर मला 'खिडकीवाले सर' म्हणायचा. तो असं बोलला होता?"

"नाही," मी म्हणाले.

"मग शेवटचं काय बोलला?"

मंदाताईंनी सरांना कोपर मारलं, पण प्रश्न येऊन गेला होता. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. लिहिलंही नव्हतं.

"मी घरून जेवणाचा डबा घेऊन गेले होते. झाकण उघडायला लागले. त्याने डोळे किलकिले केले, डब्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, 'आज परत दोडका?'"

मंदाताईंनी पदर तोंडाशी नेला. सर जमिनीकडे बघत होते, आणि त्यांचे खांदे हलायला लागले होते.

धनराजभाऊ पुढे सरकले. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग... होता का वहिनी?"

"दोडकाच होता!"