वाढत्या अंगाची बॅट

आमच्या घरात आजवर एकही वस्तू मापाची आलेली नाही.

यात गरिबीचा संबंध नाही, तत्त्वाचा आहे. आईचं म्हणणं असं, की माणूस वाढतो आणि वस्तू वाढत नाही. तेव्हा शहाण्या माणसानं वस्तूला आधीच पुढे पाठवून ठेवावं आणि आपण मागून सावकाश यावं. तिसरीत घेतलेले बूट मला सहावीत बरोबर बसले. मधल्या काळात बुटाच्या पुढच्या भागात कापूस राहायचा आणि मागच्या भागात मी. माझ्या लग्नातली शेरवानीसुद्धा एक माप मोठी होती. "लग्न झालं की अंग भरते," आई म्हणाली होती. (अंग भरलं. पण शेरवानीनं जिथे जागा ठेवली होती तिथे नाही!)

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. थोडंफार वाचलेलं आहे, भपक्याची चीड आहे, आणि आईच्या या तत्त्वावर मी घरात अनेकदा कडाडून टीका केलेली आहे. टीका करताना पँट एका हातानं वर धरलेली असते, एवढंच.

तर बॅटीची गोष्ट.

माझी मुलगी रेवा बारा वर्षांची. रायपुरातल्या बहुतेक मराठी घरांत चालतं तसंच आमच्याकडे चालतं: आम्ही मराठीत विचारतो, ती हिंदीत उत्तर देते. एका संध्याकाळी शाळेतून आली ती दप्तरही न उतरवता माझ्यासमोर उभी राहिली.

"पापा, संडे को ट्रायल है. बेसबॉल का. जिले की टीम."

"तू बेसबॉल खेळतेस?"

"दो साल से, पापा."

(मी वाचणारा माणूस आहे. घरातल्या बातम्या माझ्यापर्यंत उशिरा येतात.)

"स्कूल का बैट टूट गया. मॅडम बोलीं, अपना-अपना लाना, पर नाप का लाना. पापा, मेरा हो जाएगा. बस बैट सही चाहिए."

हे शेवटचं वाक्य ती ज्या आवाजात बोलली, त्या आवाजात तिनं आजवर सायकलसुद्धा मागितली नव्हती. स्वयंपाकघरातून वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "मी आणते उद्या. जाता-येता दुकान लागतं."

"हा भाजीचा प्रश्न नाही, वैशाली," मी चष्मा पुसत म्हणालो. "यात शास्त्र आहे."

वैशालीनं रेवाकडे पाहिलं. रेवानं छताकडे पाहिलं.

मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्या शास्त्रात पारंगत झालो. बॅटीचं एक टोक खेळाडूच्या छातीच्या मधोमध टेकवायचं, बॅट बाजूला आडवी धरायची, आणि त्याच बाजूचा हात लांब करायचा. बोटांच्या टोकांना बॅटीचं दुसरं टोक पकडता आलं, की ती बॅट त्या खेळाडूची. शास्त्र सोपं होतं, पण घरात बॅट नव्हती. म्हणून आम्ही रेवाच्या छातीला लाटणं लावून पाहिलं (आखूड), झाडू लावून पाहिला (आईनं हातातून हिसकावून घेतला), आणि शेवटी आईची छत्री लावली. छत्री तंतोतंत बसली! मी टेप लावला. एकोणतीस इंच.

"एकोणतीस," मी निकाल वाचून दाखवल्यासारखा म्हणालो.

"आन् पुढच्या साली?" आईनं विचारलं.

"पुढच्या साली पुढचं पाहू, आई. बॅट मापाचीच लागते. जड झाली तर पोरीला फिरवताच येणार नाही. तुझं ते वाढत्या अंगाचं इथे चालत नाही."

"पोट्टी काय एवढीच राहून राहिली का? जूनमध्ये घेतलेला फ्रॉक आता गुडघ्याच्या वर आला तिचा."

त्यानंतर मी 'उपयुक्तता आणि अपव्यय' या विषयावर थोडा वेळ बोललो. आई झोपायला गेली. वैशाली म्हणाली, "बरोबर छत्री घेऊन जा. तिच्याएवढी बॅट आणा. बाकी काही करू नका."

आता तुम्हीच सांगा, डिसेंबरातल्या लख्ख उन्हात बाजारात छत्री नेणारा प्राध्यापक कसा दिसेल? मी छत्री दारामागे ठेवली आणि निघालो.

गुढियारीच्या ठोक बाजारातलं ते दुकान कॅरमपासून व्यायामाच्या लोखंडापर्यंत सगळ्यानं भरलेलं होतं. मी बेसबॉलची बॅट मागितली. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"खेलने के लिए, कि गाड़ी में रखने के लिए?"

"म्हणजे?"

"सब लोग गाड़ी में ही रखते हैं, भैया. सीट के नीचे. खेलने वाला तो आप पहला आया."

(आपल्याकडे बॅटी एवढ्या विकल्या जातात आणि चेंडू जवळजवळ विकलाच जात नाही, या गोष्टीवर माझ्या विषयातल्या कोणीतरी प्रबंध लिहायला हवा.)

मी सांगितलं की बॅट खेळायलाच हवी आहे, मुलीसाठी, आणि एकोणतीस इंचांची. "हव, है ना," म्हणत त्यानं एकोणतीसची काढली. छान होती. हलकी, नीटस. मी घेणारच होतो. तेवढ्यात त्यानं शेजारी दुसरी ठेवली. चौतीस इंचांची! काळीभोर, दंडाएवढी जाड.

"दोनों का रेट एक ही है," तो म्हणाला.

माझ्या आत कुठेतरी बुटातला कापूस हलला.

एकाच भावात पाच इंच जास्त मिळत असताना कमीची वस्तू उचलणारा माणूस आमच्या घराण्यात जन्मलेला नाही. मी दोन्ही बॅटी पुन्हा पुन्हा हातात घेतल्या. मला शास्त्र आठवलं. मग मला जूनमधला फ्रॉक आठवला. दुकानदार म्हणाला, "बच्ची कॉलेज जाते तक चलेगी." मी चौतीसची घेतली.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट घडली, आणि ती घडली नसती तर पुढचं रामायण टळलं असतं. स्कूटरवर पायापाशी ती बॅट उभी ठेवून मी अंडरब्रिजखालून निघालो, तर रस्ता मोकळा होत गेला! एका रिक्षावाल्याला मी चुकीच्या बाजूनं घासून गेलो, तर त्यानंच "सॉरी, भैया" म्हटलं. पुरानी बस्तीतल्या आमच्या गल्लीत पोचलो, तर शेजारचे दुबेजी बाहेरच उभे होते. त्यांची गाडी कैक वर्षं आमच्या फाटकासमोर उभी असते. मी त्यांना पत्र लिहिलं होतं, नागरिकशास्त्र समजावून सांगितलं होतं. त्यांनी बॅटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "प्रोफेसर साहब, हटा ही रहा था मैं."

एवढी वर्षं पुस्तकं वाहून जे मिळालं नाही, ते लाकडानं एका दुपारी मिळवून दिलं. मी त्या बॅटीच्या प्रेमात पडलो.

रेवानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि तिचा चेहरा पडला.

"पापा, ये भारी है."

"सवय होईल."

"पापा, ये छाती पे रखो तो हाथ नहीं पहुँच रहा. आपने ही बताया था."

"पोहोचेल. वाढशील ना तू."

वैशालीनं हातातली भांडी खाली ठेवली. "काय म्हणालात?" तिनं विचारलं. आई मात्र पाटावर बसल्या बसल्या पाच वर्षांनी तरुण झाली. "पाहा! माह्याच पोट्टा हाये शेवटी!"

"बदलून आणा," वैशाली म्हणाली. पण दुकानदारानं 'परत नाही' असं आधीच बजावलं होतं (आणि दुबेजींची गाडी नुकतीच हलली होती). मी उपाय सांगितला: बॅट टोकाला न धरता थोडी वर धरायची. रेवानं अंगणात वर धरून फिरवली. खाली उरलेला दांडा प्रत्येक फटक्याला तिच्या पोटात बसू लागला. एक फटका, एक "आई गं!"

"एवढंच ना?" आई म्हणाली. मोठी वस्तू आत घेणं हा तिचा आयुष्याचा अभ्यास. फ्रॉकाला टीप, बुटाला कापूस, परकराला चुण्या. तिनं बॅटीकडे शिंप्याच्या नजरेनं पाहिलं, "हे दुमडता येत नाही, मंग याले गादी लावतो," म्हणाली, आणि जुन्या लुगड्याचा तुकडा काढून दांड्याच्या टोकाला कापूस भरलेली चांगली नारळाएवढी उशी शिवून दिली. वर लुगड्याचा पदर थोडा लोंबत ठेवला. "सोडवाले सोपा."

"मैं ये लेके नहीं जाऊँगी," रेवा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सब हँसेंगे. मेरा सिलेक्शन नहीं होगा."

"जगात नव्याला सगळे आधी हसतात," मी म्हणालो. अशी वाक्यं मला पटकन सुचतात.

रविवारी आम्ही सहकुटुंब मैदानावर. ट्रायल सकाळी लवकर सुरू व्हायची होती, पण प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणजे ते येत नव्हते. मांडव होता, सोफा होता, सोफ्यावर पांढरा टॉवेल होता, आणि मागे हात जोडलेल्या पाहुण्यांचा दुमजली उंचीचा फ्लेक्स होता. खाली बारीक अक्षरांत कुठेतरी बेसबॉलचाही उल्लेख होता. मी यावर वैशालीला काहीतरी मार्मिक सांगायला लागलो, तेवढ्यात कोच मॅडमनी वाट पाहणं सोडून शिट्टी वाजवली. रेवाचं नाव पुकारलं.

ती बॅट घेऊन निघाली. उशी पाठीमागे पदरासकट डुलत होती. मॅडमनी शिट्टी तोंडातून काढली.

"ये क्या है, बेटा?"

"दादी ने लगाया है," रेवा मातीकडे बघत म्हणाली.

पहिला चेंडू आला. रेवानं बॅट फिरवली, आणि बॅटीनं रेवाला फिरवलं. ती भोवऱ्यासारखी गरकन वळून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या चेंडूला दोनदा फिरली. मुली हसल्या. रेवानं एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तिच्यात राग नव्हता, 'आता काय करू' एवढंच होतं. मी हातानं खूण केली: जोरात!

तिसऱ्या चेंडूला तिनं जीव खाऊन बॅट फिरवली आणि बॅट हातातून सुटली. सगळ्यांनी माना वर केल्या. ती काळीभोर बॅट, मागे लुगड्याचं शेपूट लावलेली, धूमकेतूसारखी मांडवावरून गेली आणि प्रमुख पाहुण्यांच्या नाकातून फ्लेक्सच्या आत शिरली. उशी बाहेर अडकली.

मग पाहुण्यांचे कार्यकर्ते धावत आले.

"किसका बैट है? किसने भेजा?"

"भेजा मतलब?" मी पुढे झालो.

"कौन सी पार्टी के हो?"

आईनं उशीला लावलेल्या कापडाचा रंग, दुर्दैवानं, नेमका समोरच्या पक्षाचा निघाला होता. मी त्यांना वाढत्या अंगाचं तत्त्व समजावायला लागलो. जसजसा समजावत गेलो तसतसे ते जवळ येत गेले. शेवटी आईच मध्ये घुसली.

"काहून ओरडून राहिले रे? नाकच फाटलं ना? सरका!"

तिनं बांगड्यांतल्या सगळ्या सेफ्टी पिना काढल्या, एका कार्यकर्त्याला मांडवाची शिडी धरायला लावली, शिडीवर चढून बॅट उपसून खाली टाकली, आणि पाहुण्यांच्या नाकाला सफाईनं दोन चुण्या घातल्या. नाक थोडं आखूड झालं, हसू थोडं वर गेलं. माणूस एकूण बरा दिसायला लागला. कार्यकर्ते एकमेकांकडे पाहत म्हणाले, "अम्माजी, ऊपर वाला कोना भी ढीला है."

इकडे मॅडमनी आपल्या गाडीतून एक जुनी, पोचे आलेली छोटी बॅट आणली होती. रेवाच्या छातीला टेकवली, हात लांब करवला. बोटं टोकाला पोचली. "ये ले. एक बॉल और. पीछे मत देखना."

रेवानं मागे पाहिलं नाही. चेंडू आला, 'टण्' असा आवाज झाला, आणि चेंडू मैदानाच्या भिंतीपलीकडे गेला. मघाशी हसणाऱ्या मुलीच सगळ्यांत आधी ओरडल्या. मॅडमनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि तिला निवडलेल्यांच्या रांगेत उभं केलं. वैशालीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे पाठ करून टाळ्या वाजवल्या. माझा निकाल मला तेवढ्यानं कळला होता. मी बॅट घेऊन गुपचूप निघायला हवं होतं.

पण मॅडमनी हाक मारली. "सर, ज़रा इधर आइए." त्यांनी उशी सोडवून ती चौतीस इंची बॅट माझ्या छातीला टेकवली. मी हात लांब केला. बोटं टोकावर अशी बसली, जशी रेवाच्या अंगाला छत्री! "देखिए, सर. बराबर आपके नाप का है."

माझ्या आयुष्यातली पहिली मापाची वस्तू! मला भरून आलं. रेवा समोरून ओरडली, "पापा, एक बार घुमाओ ना!" दोघी-तिघी मुलींनी टाळ्या सुरू केल्या. मी चष्मा खिशात ठेवला, पाय रोवले, मॅडमनी अलगद टाकलेल्या चेंडूकडे नजर लावली आणि बॅट फिरवली.

आकाश फिरलं, मांडव फिरला, पाहुण्यांचं चुणीदार नाक फिरलं, आणि मी धुळीत बसलेला होतो. चेंडू माझ्याशेजारीच होता.

मैदानात हसण्याचा जो आवाज झाला त्याच्याही वर, शिडीवर उभ्या असलेल्या आईचा आवाज आला. ती कार्यकर्त्यांना समजावत होती, "थोडीशी मोठी होऊन राहिली त्याले. पण राहू द्या. वाढन अजून."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. दुबेजींची गाडी पुन्हा फाटकासमोर उभी असते.