पाहुणा पोचला, कळावे

सकाळी आठला पाटबंधारे खात्याच्या कचेरीतला फोन वाजला की तो दगडू पगारेंचाच असे. निफाड तालुक्यातल्या एका धरणावर ते पाण्याची पातळी मोजत आणि आम्हाला कळवत. आकडा ते दोनदा सांगत, माझ्याकडून एकदा वदवून घेत आणि मगच फोन ठेवत. एकदा मी घाईत म्हटलं, "मामा, कालचाच असेल ना? तोच लिहिते." ते म्हणाले, "बाईसाहेब, पातळी आन् बातमी शिळी चालत नाय. आजची आज."

मी चौऱ्याहत्तर साली नाशिकहून त्या कचेरीत लिपिक म्हणून रुजू झाले. याद्या करायची सवय मला तेव्हापासूनची. सकाळी दिवसाची यादी करायची, काम झालं की पुढे बरोबरची खूण, उरलेलं संध्याकाळी दुसऱ्या पानावर. पगारेंची नोंदवही तपासणं शनिवारच्या यादीत असे. पहिल्याच नोव्हेंबरात शेऱ्याच्या रकान्यात दिसलं : 'पाहुणा आला.' धरणाच्या क्वार्टरमध्ये विनापरवाना कोण राहतंय, म्हणून मी लेखी खुलासा मागवला. उत्तर आलं : 'पाहुणा पक्षी आहे. पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर मुक्काम आहे. क्वार्टर वापरत नाही.' कचेरी हसली. मी मात्र सरकारी वहीत पक्षी नको, अशी ताकीद दिली. त्यांनी ऐकलं. पुढच्या वर्षापासून आकडा सांगून झाला की फोनवरच म्हणायचे, "पाहुणा पोचला. वहीत नाय लिवलं."

दोन वर्षांनी तपासणीला गेले तेव्हा तो मला दिसला. घारीएवढा, पाठ तपकिरी, पोट पांढरंशुभ्र आणि डोळ्यावरून मानेकडे गेलेला काळा पट्टा. बाभळीच्या शेंड्यावर तो एकटा बसला होता. बाकीचे पक्षी थव्याथव्यानं पाण्यावर होते, याच्या आसपास कुणीच नव्हतं. तासाभरानं उठला, पाण्यावर एका जागी पंख मारत थांबला आणि पाय पुढे करून खाली कोसळला. वर आला तो मासा घेऊन.

"बघा, माशाचं तोंड कुठंय?" पगारेंनी विचारलं.

"पुढे."

"आडवा कधी नाय धरायचा. वारा लागतो ना. हिशेबी गडी हाय, तुमच्यावानी."

मीनखाई घार हे त्याचं नाव मला पुढे एका पुस्तकातून कळलं. पगारेंना नावाची गरज नव्हती. दिवाळीच्या पुढेमागे तो यायचा, होळीच्या सुमाराला जायचा. हिमालयापलीकडून येतो, हे त्यांना कुणा साहेबानं सांगितलं होतं. दरवर्षी तोच येतो हे कशावरून, असं मी विचारलं तर म्हणाले, "फांदी तीच, बसायची ढब तीच. माणूस वळखायला आनखी काय लागतं?"

"आणि एकटाच?"

"एकटाच. बिऱ्हाड तिकडं, ड्यूटी हिकडं. माझ्यावानी."

त्यांची बायको आणि मुलगी मालेगावला असत. बायको यंत्रमागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पगारे धरणावर एका खोलीत, एक ताट, एक तांब्या. बायको वारली तेव्हा नदीला पूर होता, पातळी तासातासाला घ्यावी लागे, रस्ता बंद. तार त्यांना तिसऱ्या दिवशी मिळाली. त्या सकाळीही फोन आठला आला. आकडा दोनदा सांगितला, माझ्याकडून वदवून घेतला. मग म्हणाले, "कुटुंब गेलं. परवाच." आणि फोन ठेवला.

त्यानंतर दिवाळी जवळ आली की ते अस्वस्थ होत. "येवढी लांबची वाट. कुठं पडला, तर कळवणार कोण?" असं दर शनिवारी म्हणत. पाहुणा दिसला की आवाज बदलायचा.

ते निवृत्त झाले ते ऑक्टोबरअखेर. नव्या माणसाला क्वार्टर हवं होतं. पगारे अर्ज घेऊन आले : पंधरा दिवस राहू द्यावे. कारण : पाहुणा यायचा आहे.

"मामा, हे साहेबांपुढे कसं ठेवू? आजारपण लिहा."

"मी धडधाकट हाय की."

"मग मालेगावची खोली तयार नाही म्हणा."

"लेकीनं सारवून ठेवलीय. तीस वर्सं खोटा आकडा नाय लिवला, आता जाता जाता कशाला?" त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. "तुमीच कळवा. एक कार्ड टाका. 'पोचला', येवढंच."

मी त्यांच्यादेखत वहीत लिहिलं : मामांना कार्ड.

नव्या माणसाचा फोन आठला यायचा, आकडा सांगून लगेच बंद व्हायचा. पाहुण्याचं त्याला काही माहीत नव्हतं आणि विचारायचं मला सुचलं नाही. डिसेंबरात तपासणीला गेले तर पाहुणा बाभळीवर बसलेला. उद्या कार्ड टाकायचं, असं ठरवून परतले. दुसऱ्या दिवशी मुंबईहून तपासनीस येणार असल्याचं कळलं, मग रब्बीच्या पाणीवाटपाचे अर्ज सुरू झाले. ती ओळ रोज संध्याकाळी दुसऱ्या पानावर जात राहिली. दोन मिनिटांचं काम होतं, म्हणूनच राहत गेलं. संक्रांत उलटल्यावर कार्ड टाकलं आणि पुढे खूण केली.

उत्तर त्यांच्या मुलीचं आलं. 'जयभीम. आपले कार्ड मिळाले. दादा संक्रांतीच्या आधी चार दिवस गेले. रोज दारात बसून पोस्टमनला विचारायचे. मी म्हणायची, दादा, पक्षी आला नसेल. तर म्हणायचे, आला असंल गं. बाईसाहेबांना काम लय असतं.'

मी वही काढली आणि त्या ओळीपुढची खूण खोडली.